सोनाराने कान टोचावे, पण कसे?

‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण आपण सारेच वापरतो. योग्य माणसाने सांगितले म्हणजेच गोष्ट पटते, हा तिचा अर्थ. परंतु म्हणीतल्या मूळ प्रसंगाचा, म्हणजे खरोखरीच्या कान टोचण्याचा, विचार आपण क्वचितच करतो. आमच्या नातीचे कान बाराव्या दिवशी, बारशाच्या गडबडीत टोचले. टोचणाऱ्याचा हात सराईत होता, तार सोन्याची होती. तरी चौथ्या दिवशी कानाची पाळी सुजली. घरच्यांनी हळद व खोबरेल लावले. सूज वाढली, आणि तापाने फणफणलेले मूल घेऊन रात्री डॉक्टरांकडे धावावे लागले. मूल बरे झाले. पण तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही. तोच आज जयसिंगपूरच्या श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. बाळ सहा-सात महिन्यांचे झाल्यावर कान टोचावे. पाळी उन्हात धरून, जेथून प्रकाश आरपार दिसतो तेथेच सुई घालावी. मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा, असे तेथे सांगितले आहे. फार रक्त आले वा फार वेदना झाल्या, तर जागा चुकली असे समजावे, हेही सांगितले आहे. फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार त्याच अध्यायात आहेत. जड दागिन्यांनी पाळ्या ओघळण्याचे दुःख तेव्हाही होते, हे त्यावरून उघड होते. कानातल्याचा भार केसांवर घेणारा आपला वेल हा त्यावरचाच एक शहाणपणाचा उपाय होय.

आता सहाव्या महिन्याची गोष्ट पाहा. सध्याच्या राष्ट्रीय लसीकरणात धनुर्वात, घटसर्प, कावीळ ‘ब’ इत्यादींविरुद्धची एकत्रित लस 6, 10 व 14 आठवड्यांना देतात. म्हणजे सुश्रुताच्या सहाव्या महिन्यापर्यंत तिन्ही मात्रा पुऱ्या झालेल्या असतात. बाराव्या दिवशी मात्र धनुर्वाताविरुद्ध बाळाला आईकडून मिळालेले असेल तेवढेच बळ. सुश्रुताला लस ठाऊक नव्हती, हे उघड आहे. पण त्याने सांगितलेला काळ आजच्या विज्ञानालाही सोयीचा ठरतो. बारसे बाराव्या दिवशी होऊ द्या; कान मागाहून टोचता येतात.

दुसरा विचार जागेचा. शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव यांच्या नावाने वसविलेले हे गाव आखूनरेखून उभे आहे. गल्ल्यांना आकडे आहेत. कानालाही तशीच आखणी हवी. सुई लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंस ठिपके देऊन ते समोरून पाहावेत. पाळी मांसल असते, तिला रक्त भरपूर मिळते. ती साधारण 6 ते 8 आठवड्यांत भरून येते. बुगडी ज्या वरच्या कडेला घालतात, तेथे कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तेथली जखम भरण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तेथे पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. वरच्या कानाला स्प्रिंगची बंदूक तर लावूच नये. तिच्या आघाताने कूर्चा चिरडते.

तिसरा विचार साधनाचा. एकाची सुई दुसऱ्याला लावली, तर कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ व एच.आय.व्ही. यांचा प्रसार होऊ शकतो. सुई दिव्यावर धरली वा पुसली म्हणजे ती निर्जंतुक झाली, असे नव्हे. बंद पाकिटातली नवी सुई आपल्यासमोर फोडून घ्यावी. तार सोन्याची असेल तर भेसळ विचारावी. निकेलने पुष्कळांची त्वचा खाजते.

नंतरची निगा सोपी आहे. हात साबणाने धुवावेत. कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून, त्याने दिवसातून दोनदा जखम पुसावी. तेल-हळदीचा लेप नको. त्यात धूळ बसते. तार सारखी फिरवू नये. थोडा पांढरट स्राव सुकणे स्वाभाविक आहे. पण लाली पसरली, पिवळा-हिरवा पू आला वा ताप चढला, तर डॉक्टर गाठावा. दागिना मात्र आपल्या हाताने काढू नये. भोक मिटते व पू आत कोंडतो.

आजची तरुण मंडळी गालावर, मानेवर, गळ्याच्या हाडाजवळ खडा बसवून घेतात. याला डर्मल पिअर्सिंग म्हणतात. कानात तार एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघते. येथे एकच तोंड असते. बारीक छिद्रांची चकती त्वचेखाली सरकवतात. त्या छिद्रांतून मांस वाढून ती पकडली जाते. यास 1 ते 3 महिने लागतात. टॉवेल, ओढणी, पिशवीचा पट्टा यांत खडा अडकला की चकती हलते. पुष्कळदा शरीर तिला हळूहळू बाहेरही ढकलते. ती काढणे हे घरचे काम नव्हे. ज्यांच्या जखमेचे वण फुगतात, त्यांनी हा मोह टाळलेला बरा.

म्हण खोटी नाही. सोनारानेच कान टोचावे. पण तो सोनार असो वा डॉक्टर, त्याची सुई नवी असावी, हात धुतलेले असावेत, आणि आपणही त्याला तसे विचारण्यास संकोचू नये. आम्ही त्या दिवशी विचारले नाही, म्हणून हे सांगत आहोत.