पाच सेंटिमीटरांची हद्द

घाटकोपरच्या एका शाळेच्या पटांगणात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांचा वाद परवा संध्याकाळी मी बराच वेळ उभा राहून ऐकला. पाय रेषेवर होता की मागे, आणि मुळात ती रेषा बास्केटबॉलची की व्हॉलीबॉलची, एवढाच तंटा होता. उपनगरांत मोकळ्या जागेची टंचाई अशी, की एकाच जमिनीवर दोनतीन खेळांच्या हद्दी एकमेकींना छेदत आखाव्या लागतात. आणि दस्तूर तर प्रत्येकाचा निराळा. व्हॉलीबॉलमध्ये रेषेला स्पर्शणारा चेंडू आत धरतात, परंतु बास्केटबॉलमध्ये सीमारेषेवर पाय पडला की खेळाडू बाहेर गेला, आणि तीन गुणांच्या कमानीवर टाच टेकवून केलेल्या फेकीचे दोनच गुण पदरी पडतात.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा नियम असा, की २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद अशा या मैदानावरील सर्व रेषा एकाच रंगाच्या, पांढऱ्या अथवा जमिनीहून उठून दिसणाऱ्या, ५ सेंटिमीटर रुंद आणि स्पष्ट दिसतील अशा असाव्यात. ही रुंदी पुरेशी आहे. कारण २८ मीटरांवरूनही तेवढी पट्टी डोळ्यापाशी सुमारे ६ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करते, आणि निरोगी दृष्टीला १ कला पुरते. तथापि हा हिशेब भरपूर उजेडातला, आणि रेषा व जमीन यांच्या उजळपणात ठळक अंतर असतानाचा आहे. बारीक तपशील टिपताना डोळा रंगछटेपेक्षा या उजळपणाच्या फरकावरच अधिक विसंबतो; म्हणून हिरव्या जमिनीवरील तितकीच गडद तांबडी रेषा जवळून शोभिवंत दिसली तरी दूरवरून विरघळते, आणि तांबड्या-हिरव्यातील भेद ज्यांना जन्मतःच कळत नाही त्यांना तर ती जवळूनही धड दिसत नाही. पावसाळ्यात आणखी एक संकट येते: साचलेल्या पाण्याचा पातळ थर आरशासारखा दिव्याचे प्रतिबिंब फेकतो आणि त्या झगमगाटात रेषा व जमीन दोन्ही बुडून जातात.

जुन्या मैदानांवर भूतकाळही डोकावतो. २०१० साली तीन गुणांची कमान ६.२५ मीटरांवरून ६.७५ मीटरांवर गेली आणि बास्केटखालील समलंब चौकोनाचा आयत झाला. वरचा रंग झिजला की अर्धा मीटर आतली ती रद्द झालेली हद्द पुन्हा हक्क सांगू लागते. मैदान आखणाऱ्यांनी जुनी रेषा आधी खरवडून काढावी, असा माझा आग्रह आहे.

घाटकोपरच्या त्या पटांगणावर सोडियमचा दिवा होता. त्याचा बहुतेक प्रकाश पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात एकवटलेला असल्याने पिवळा रंग तो पांढऱ्याइतकाच परतवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तेथे गेलो, तेव्हा बास्केटबॉलची पांढरी कमान आणि तिला छेदणारी व्हॉलीबॉलची पिवळी रेषा उन्हात अगदी निरनिराळ्या दिसत होत्या.