चामड्यावरची बुरशी घरात झटकू नका

मुंबई-आग्रा महामार्गावरचे सोनगीर (जि. धुळे) तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. तांब्यावर हिरवट थर चढला की चिंच लावून घासायचे, हे घरोघरी ठाऊक असते. पावसाळ्यात कपाटातल्या चपला, पट्टे, पाकिटांवरही पांढरा-हिरवट थर दिसतो. तोही अनेक जण तसाच झटकून टाकतात. फरक इतकाच, की तांब्यावरचा थर निर्जीव असतो आणि चामड्यावरचा जिवंत. ती बुरशी असते.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. रुजायला त्यांना ओलावा हवा असतो. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो मिळत नाही. पावसाळ्यात मात्र बंद कपाटातली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की चामडे ओलावा शोषते आणि बुरशी वाढू लागते. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेले कोल्हापुरी चपलेसारखे चामडे क्रोमने कमावलेल्या चामड्यापेक्षा लवकर बुरसटते.

घरात झटकल्याने हे बीजाणू उडून श्वासावाटे शरीरात जातात. त्यामुळे शिंका, खोकला सुरू होऊ शकतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढू शकतो. म्हणून दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे काम करू नये. इतरांनीही नाकातोंडाला मास्क लावून, वस्तू अंगणात किंवा गच्चीवर नेऊन मऊ ब्रशने थर काढावा. नंतर सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन, त्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. रंग जातो का, हे आधी कोपऱ्यात पाहावे. स्पिरिट चटकन पेट घेते, त्यामुळे जवळपास शेगडी नको.

पुसलेली वस्तू सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात चामडे ताठरते, तडकते. पूर्ण वाळल्यावरच पॉलिश करावे. खाद्यतेल चोपडणे टाळावे. ते बुरशीचे खाद्य ठरू शकते.

वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर ओल आतच कोंडते. त्याऐवजी सुती पिशवी वापरावी आणि ती ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते ओले झाले की बदलावेत. आणि पावसाने उघडीप दिली, बाहेरची हवा कोरडी झाली, की कपाटाची दारे तासभर सताड उघडी ठेवावीत. त्याला एक पैसाही लागत नाही.