नदीच्या अलीकडे तीन वर्षं, पलीकडे बारा महिने

निपाणीत वाढलेल्या माणसाला हद्दीचं फारसं कौतुक नसतं. कोगनोळी नाका ओलांडून कागलला जायचं, कोल्हापुरात खरेदी करायची आणि रात्री घरी जेवायला परत यायचं, हे आम्ही लहानपणापासून करत आलो. माझे बाबा १९५३चे. जन्म मुंबई राज्यात, शाळा म्हैसूर राज्यात आणि १९७३ नंतरचा सगळा संसार कर्नाटकात. एवढं सगळं गाव न सोडता!

हद्द दिसत नाही, पण कागदावर ती बरोबर आडवी येते. महाराष्ट्रात वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिला वर्षाला २१ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे आणि अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी लागतो. आमच्या गल्लीतल्या गरीब म्हाताऱ्यांना कर्नाटकची संध्या सुरक्षा. तिचे नियम निराळे, अर्जाची भाषा निराळी. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकानं आक्षेप घेतला. आजारी माणूस एकच, पण त्याच्या उत्पन्नाचा दाखला कुणी बघायचा यावर दोन सरकारांचा वाद.

बेळगावात बी.ई. करून, मधे काही वर्षं पुण्यात काढून मी ऑटवाला आलो, तेव्हा वाटलं होतं की हे प्रकरण मागे राहिलं. पण इथंही मधून नदी वाहते. अलीकडे ऑटवा, म्हणजे ओंटारिओ. पूल ओलांडला की गॅटिनो, म्हणजे क्यूबेक. आपल्यातली कितीतरी कुटुंबं तिकडं राहून इकडं नोकरी करतात. आई-वडिलांना कायमचं बोलवायचं ठरवलं, की तुम्ही पुलाच्या कुठल्या टोकाला राहता यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

ओंटारिओचं आधी सांगतो, कारण बाकी बहुतेक कॅनडाला तेच लागू आहे. अर्जाच्या आधीच्या सलग तीन वर्षांत तुमचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या वर हवं. पुरावा म्हणजे टॅक्सची नोटीस ऑफ असेसमेंट, त्यातली ओळ क्रमांक १५०००. आकडा कुटुंबातल्या डोक्यांवर ठरतो आणि त्यात येणारे आई-वडीलही धरतात. आम्ही तिघं आणि ते दोघं, म्हणजे पाच. पाच जणांसाठी २०२१ साली ५५,६९४ डॉलर लागत होते, २०२२ साली ७२,९३५ आणि २०२३ साली ७५,३८४. २०२१चा आकडा कमी दिसतो, कारण कोविडमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांपुरती वरची ३० टक्क्यांची भर काढली होती. ही भर कशावर? स्टॅटिस्टिक्स कॅनडा काढतं त्या 'लो इन्कम कट-ऑफ'वर.

यातली गंमत मला बऱ्याच उशिरा कळली. कट-ऑफ काढताना स्टॅटिस्टिक्स कॅनडा गावाच्या आकाराप्रमाणे पाच वेगवेगळे आकडे देतं. खेड्याचा सगळ्यात कमी, पाच लाखांवरच्या शहराचा सगळ्यात जास्त. इमिग्रेशनवाले मात्र यातला मोठ्या शहराचाच आकडा उचलतात आणि सगळीकडे लावतात. टोरांटोत दोन खोल्यांचं भाडं भरणाऱ्याला आणि सॅस्केचवानच्या एखाद्या छोट्या गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मोजपट्टी एकच. हे मला पटत नाही. निपाणीतला संसार मुंबईच्या भावानं मोजण्यासारखंच आहे हे.

क्यूबेकचं मात्र सगळंच वेगळं. तिथं राहणाऱ्याचं उत्पन्न केंद्र सरकार तपासत नाही, प्रांताचं इमिग्रेशन खातं तपासतं. त्यांचं कोष्टक स्वतःचं आणि बघतात ते मागच्या बारा महिन्यांचं उत्पन्न. हमीची मुदतही निराळी. बाकी कॅनडात आई-वडिलांची आर्थिक जबाबदारी २० वर्षं तुमच्या डोक्यावर, क्यूबेकमध्ये १० वर्षं. त्या काळात त्यांनी सरकारी निर्वाह मदत घेतली, तर ती वसूल तुमच्याकडून होते.

ऐकायला क्यूबेक सोपं वाटतं, आणि आम्हालाही ते वाटत होतं. २०२४च्या वसंतात आम्ही गॅटिनोत घर बघत होतो. घरं तिकडं स्वस्त, पाळणाघरं तर फारच स्वस्त. तेवढ्यात मेअखेर निमंत्रणाचं पत्र आलं. २०२०च्या शरद ऋतूत मी इच्छापत्र भरलं होतं, त्याच यादीतून सोडत काढत होते. त्या वर्षी ३५,७०० जणांना निमंत्रणं गेली आणि अर्ज घ्यायचे होते २०,५००. पत्र आल्यापासून हातात ६० दिवस.

अडचण २०२३ची होती. बायको बाळंतपणाच्या रजेवर आणि त्याच ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली, कपातीत. बेकारीचा जो नेहमीचा भत्ता मिळतो तो या हिशेबात धरत नाहीत. बाळंतपणाचा आणि बालसंगोपनाचा धरतात, हे मात्र लक्षात ठेवा. अनेक जण दोन्ही वगळून बसतात आणि उगाच खचतात. माझा सात महिन्यांचा पगार आणि तिचा रजेचा भत्ता मिळून ७९ हजारांच्या आसपास बेरीज आली. म्हणजे ७५,३८४च्या वर, पण जेमतेम. नोकरी जूनमध्ये गेली असती तर सगळं संपलं होतं.

मी फोनवर बाबांना हे समजावत होतो. ते म्हणाले, ''म्हणजे तुझं एक वर्ष वाईट गेलं, तर आमची तीन वर्षं गेली, असंच का?'' तसंच आहे. ओंटारिओत २०२३चा खड्डा पुढचे तीन अर्ज अडवू शकला असता. नदीपलीकडे तो बारा महिन्यांत बुजला असता. माणसाच्या नोकरीत एखादं वर्ष असं येतंच, त्यामुळे क्यूबेकची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते.

तरीही आम्ही गॅटिनोचं घर सोडलं. अर्ज चालू असताना प्रांत बदलला तर क्यूबेकची प्रक्रिया लागू होते, आणि नेमकं २६ जून २०२४ पासून क्यूबेकनं हमीपत्रांवर मर्यादा घातली. दोन वर्षांत सगळे मिळून १३,००० अर्ज. त्यातले जोडीदार आणि मोठी मुलं सोडून आई-वडील आणि इतर नातेवाइकांसाठी फक्त २,६००. नियम सैल, पण दार अरुंद. बायको म्हणाली, ''घर पुढंही मिळेल, आई-बाबा सत्तरीत आहेत.'' तिथं विषय संपला. आम्ही अजून भाड्याच्याच घरात आहोत.

पुण्यातला माझा आतेभाऊ आता टेक्सासात असतो. त्याला हे सगळं ऐकून हसू आलं. अमेरिकेत नागरिक झालात की आई-वडिलांसाठी सोडत नाही. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. तिथंही प्रदेशाप्रमाणे फरक आहेच. २०२४ मध्ये चौघांच्या कुटुंबाला टेक्सासात ३९,००० डॉलर पुरत होते, हवाईत ४४,८५०, अलास्कात ४८,७५०. शिवाय उत्पन्न कमी पडलं तर भाऊ, मित्र, कुणीही जामीन राहू शकतो. कॅनडात सहसही फक्त नवरा-बायकोची चालते. आमच्याकडं दोन भावांनी मिळून आई-वडिलांचं बघायचं हे इतकं गृहीत असतं, की आईला हे पटवायला मला दोन रविवार लागले. ''धाकटा तिकडंच आहे की, त्याचा पगार का नाही धरत?'' याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अर्जासाठी बाबांचा शाळेचा दाखला मराठीत, नगरपालिकेचे कागद कन्नडमध्ये. दोन्हींची प्रमाणित भाषांतरं करून घ्यावी लागली. एका नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र निराळं. सीमाभागातल्या मंडळींनी हे काम निमंत्रणाची वाट न बघता आधीच उरकावं. ६० दिवसांत ते होता होत नाही.

ज्यांना निमंत्रण नाही त्यांच्यासाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. यात ३० टक्क्यांची भर नाही आणि नदीच्या दोन्ही तीरांना नियम एकच. मात्र किमान वर्षभराचा, एक लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो, आणि सत्तरीच्या पुढं, त्यात मधुमेह असला, तर हप्ता ऐकून बसायला होतं.

आई-बाबा सध्या त्याच व्हिसावर इथं आलेत. कायमचा अर्ज अजून चालू आहे. बाबा रोज संध्याकाळी नातीला घेऊन नदीकाठी फिरायला जातात. परवा पुलाच्या मध्यावर थांबून विचारत होते, ''नाका कुठाय रे यांचा?''