गटाराला पैसे आहेत, मग रस्त्याला का नाहीत? ग्रामपंचायतीच्या निधीचे गणित समजून घ्या

"पंचायतीच्या खात्यावर एवढे लाख पडून हायत, मग आमच्या आळीचा रस्ता का होत नाही?" ग्रामसभेत हा प्रश्न कधीच निघाला नाही, असे गाव सापडणे अवघड. ग्रामसेवक उत्तर देतात, "तो पैसा रस्त्याचा नाही." ऐकणाऱ्याला वाटते, टोलवाटोलवी चाललीय. कधीकधी ती असतेही. पण बऱ्याचदा ग्रामसेवक खरे सांगत असतात. दोन्हींतला फरक ओळखायचा तर पंचायतीचा हिशेब कसा मांडतात ते माहीत हवे.

घरात खायची ज्वारी वेगळी ठेवतात, बियाण्याची वेगळी. दोन्ही ज्वारीच, पण बियाणे कुणी दळायला नेत नाही. पंचायतीच्या पैशाचेही तसेच आहे. पैसा ज्या कामासाठी आला, त्या नावाने त्याची जमा, खर्च आणि शिल्लक वेगळी दाखवावी लागते. यालाच निधीनिहाय हिशेब म्हणतात.

सर्वात मोठे उदाहरण वित्त आयोगाचे. 15 व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या निधीचे दोन भाग केले : 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधितमधला निम्मा पैसा स्वच्छतेसाठी आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. अबंधित पैसा गावाच्या गरजेनुसार वापरता येतो, मात्र पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातून करता येत नाही.

समजा, एखाद्या गावाला वर्षात 10 लाख आले. 3 लाख स्वच्छतेला, 3 लाख पाण्याला, उरले 4 लाख. रस्ता, अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानभूमीचे शेड, सगळे या 4 लाखांतच बसवायचे. ते संपले की खात्यावर 6 लाख दिसत असले तरी सिमेंट रस्त्याला त्यातला एक रुपया चालत नाही. सांडपाण्याची व्यवस्था मात्र स्वच्छतेत येते. म्हणून आळीत गटार होते आणि रस्ता चिखलाचाच राहतो. लोकांना हे येड्यासारखे वाटते, पण हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर असते.

घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार लिलाव, गाळेभाडे हा पंचायतीचा स्वतःचा पैसा. तो ग्रामनिधीत जमा होतो. यावर हात मोकळा असतो, पण पूर्ण नाही. स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. म्हणजे स्वउत्पन्न 5 लाख असेल तर 75 हजार, 50 हजार आणि 25 हजार आधीच बाजूला. गावातल्या दिव्यांग व्यक्तीने हे 25 हजार कुठे गेले असे विचारले, तर तो उपकार मागत नाही, स्वतःच्या नावाचा निधी विचारतो.

पाणीपट्टीचे खातेही वेगळे. मोटारीचे वीजबिल, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे मानधन, टीसीएल पावडर, पाइपची दुरुस्ती यासाठी ते असते. खरी गडबड बहुतेक इथेच होते. वसुली झाली नाही की बिल थकते, मग दुसऱ्या निधीतून "तात्पुरते" पैसे उचलले जातात आणि परत टाकायचे राहून जातात. एकूण शिल्लक पाहिली तर काहीच कळत नाही. निधीनिहाय पाहिले की लगेच दिसते, अमुक खात्यातून पैसे गेले आणि ते काम मात्र गावात कुठेच नाही.

तालुक्याच्या गावी नगरपंचायत असेल तर तिथेही असेच. शहरांना मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातही पाणी आणि स्वच्छतेचा वाटा बांधलेला असतो. आकडे मोठे, पद्धत तीच.

हे तपासायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. मोबाईलवर ई-ग्रामस्वराज ॲप किंवा संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडले की आराखड्यातली कामे आणि त्यावर टाकलेला खर्च दिसतो. अडचण एवढीच की तिथे प्रामुख्याने वित्त आयोगाचा पैसा दिसतो. घरपट्टी-पाणीपट्टीच्या हिशेबासाठी पंचायतीचे दप्तरच बघावे लागते : रोकडवही म्हणजे नमुना 5, अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागील वर्षाचा जमाखर्च आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे शेरे मांडावे लागतात. त्या दिवशी "किती पैसे शिल्लक?" एवढेच विचारले तर एकच आकडा मिळेल आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारावे : बंधित किती, अबंधित किती, पाणीपुरवठा खात्यात किती, दिव्यांगांचे 5 टक्के कुणाला दिले, एका निधीतून दुसऱ्यात पैसे वळवले का, वळवले असतील तर परत कधी टाकले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे. तोंडी उत्तरावर भागत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही, आणि माहिती 30 दिवसांत द्यावी लागते. अर्जात "सर्व हिशेब द्या" असे मोघम न लिहिता निधीचे नाव, वर्ष आणि नमुना क्रमांक लिहिला तर अर्ज परत येण्याची शक्यता कमी होते.