‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा’

परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणी मागून घेतो आणि दोऱ्याने मागे बांधतो. संगणकाच्या जगात ज्याला ‘ॲड-ऑन’ म्हणतात, ते साधारण असेच. मूळ सॉफ्टवेअर एकाने बनवलेले असते. त्यात नसलेली एखादी सोय दुसराच कोणी लिहितो आणि ती मागाहून जोडता येते. अशा कितीतरी पुरवण्या फुकट मिळतात. लिहिणारे बहुधा दिवसा नोकरी करतात किंवा शिकतात, आणि उरलेल्या वेळात हे काम करतात. नवी पुरवणी आली की कौतुक होते. नंतर जे पाठीमागे लागते, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

एक उदाहरण घेऊ. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो कानाने. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी चांगला स्क्रीन रीडर इतका महाग असे, की पुष्कळदा खुद्द संगणक त्यापुढे स्वस्त वाटावा. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने विंडोजसाठी स्वतःच एक लिहायला घेतला. त्याचे नाव एनव्हीडीए. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला जेम्स टेह हा मित्र त्याला येऊन मिळाला, तोही अंधच. २००७ मध्ये त्यासाठी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था निघाली. आज एनव्हीडीए पन्नासहून अधिक भाषांत आहे. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. उच्चार यंत्रासारखे आहेत खरे, पण अर्ज असो की बँकेचा हिशेब, काम अडत नाही.

मूळ एनव्हीडीए सांभाळायला संस्था आहे. त्याच्या पुरवण्या मात्र बहुतेक स्वयंसेवकांनी लिहिलेल्या. कुणी तासाला वेळ सांगणारी लिहिली, कुणी हवामान सांगणारी, कुणी एखादे हट्टी सॉफ्टवेअर नीट वाचता यावे म्हणून. लिहिणाऱ्यांतले अनेकजण स्वतः दृष्टिहीन आहेत.

आता गंमत अशी, की पुरवणी एकदा लिहून संपत नाही. खालची जमीन हलत असते. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. एनव्हीडीए त्याच भाषेत लिहिलेले, त्यामुळे त्याला तिसऱ्या पिढीवर जावे लागले. २०२० च्या सुरुवातीला तशी आवृत्ती आली आणि सगळ्या पुरवण्या तपासून दुरुस्त करण्याची वेळ आली. शिवाय वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत अंतर्गत रचना बदलू शकते. ‘नव्या आवृत्तीवर तपासली’ अशी नोंद लेखकाने केली नाही, तर पुरवणी आपोआप बंद ठेवली जाते. म्हणजे नवी सोय एकही न देता नुसते होते तिथे राहण्यासाठी दरवर्षी काम.

त्यात पत्रे येतात. ‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा.’ एवढेच. कोणते विंडोज, कोणती आवृत्ती, कोणती कळ दाबली, काही नाही. हा बिघाड लेखकाच्या संगणकावर दिसतच नसेल तर तो शोधायचा कुठे? पाणपोई घालणाऱ्याला पाणी गार नाही म्हणून खडसावावे, तसा हा प्रकार. पण पत्र लिहिणाराही आळशी किंवा उद्धट असतोच असे नाही. ती पुरवणी बंद पडली की त्याचे कचेरीतले काम खरोखर थांबते. त्याची घाई खरी असते आणि लेखकाकडे वेळ नसतो हेही खरे.

थकलेला लेखक मग काम दुसऱ्याच्या हाती देतो, आणि तिथे धोका असतो. पुरवण्यांच्या बाहेरचे उदाहरण देतो. ‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान करणारे छोटे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांवर असते. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी ‘काम फार संथ आहे’ असा लकडा लावला. प्रकृतीच्या तक्रारी सांगून, हे फावल्या वेळातले काम आहे, असे कॉलिन यांनी उत्तर दिले. त्याच सुमारास जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या एका मदतनिसाने त्यांचा विश्वास मिळवला. २०२४ मध्ये त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय अशी शंका आली, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी तो उघडकीस आला. एरवी तो किती दूर पोचला असता, कल्पना करवत नाही.

पैसे देणे हा एक उपाय आहे, पण देणगीने दिवसाचे तास वाढत नाहीत. वापरणाऱ्याने अर्धी तपासणी स्वतः केली तर जास्त उपयोग होतो. एनव्हीडीए बंद करताना, सर्व पुरवण्या बाजूला ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय मिळतो. तो वापरून पाहावा. बिघाड तसाच राहिला, तर दोष पुरवणीचा नाही. लेखकाला लिहायचे कारणच उरत नाही. बिघाड गेला, तर पुरवण्या एकेक करून पुन्हा चालू कराव्यात. कोणती चालू केल्यावर तो परत आला ते कळले, की तिचे नाव, आवृत्ती आणि नेमके काय केल्यावर काय झाले, हे चार ओळींत कळवावे.