पगार कुठे अडतो?

कवठे महांकाळ येथे शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही रसायनशास्त्राचे सोपे प्रयोग करून दाखवत होतो. चहाच्या सुट्टीत एक शिक्षक आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, विषय सोडून एक विचारू का? माझ्या वर्गात दोन मुलं एकाच बाकावर बसतात. दोघांचेही वडील साखर कारखान्यात पॅनमन आहेत, पण कारखाने वेगळे. एकाचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. दुसऱ्याचा सात महिने थकलाय. सहलीचे पैसे भरायच्या दिवशी तो मुलगा शाळेलाच येत नाही. ऊस त्याच भागातला, यंत्रं त्याच तऱ्हेची, साखरेचा बाजारभाव दोघांना सारखाच. मग फरक पडतो कुठं? हे विज्ञानात बसतं का?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. "व्यवस्थापन चांगले नसेल," असे काहीसे मोघम बोलून आम्ही वेळ मारून नेली. पण 'चांगले व्यवस्थापन' म्हणजे नेमके काय? ते मोजता येते का? त्याचा पगाराशी संबंध कसा जोडायचा? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

तोडलेला ऊस थांबत नाही

सुरुवात रसायनशास्त्रापासूनच करू. उसातील साखर म्हणजे सुक्रोज. ऊस तोडला की त्यातील विकरे आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले सूक्ष्मजीव कामाला लागतात. सुक्रोजच्या रेणूचे पाण्याच्या साहाय्याने विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. चवीला हा रस गोडच लागतो, पण या दोन शर्करांपासून कारखान्याला दाणेदार साखर मिळत नाही. त्या शेवटी मळीत जातात. शिवाय ऊस वाळतो आणि वजनही घटते. म्हणून तोडणीपासून गव्हाणीत पडेपर्यंतचा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

आता हे तास कोणाच्या हातात असतात? ते ठरतात शेतकी विभागाच्या तोडणी कार्यक्रमावर, मुकादमाला वेळेवर मिळालेल्या उचलीवर, वजनकाट्यापुढच्या रांगेवर आणि बंद पडलेला पंप किती वेळात दुरुस्त होतो यावर. म्हणजे प्रयोगशाळेत दिसणारा साखर उतारा हा उसाच्या जातीचा आणि हवामानाचा जसा गुण आहे, तसाच तो व्यवस्थापनाचाही गुण आहे.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. (पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत.) त्याची क्षमता रोज २,५०० टन ऊस गाळण्याची आहे. हंगाम १६० दिवस चालला तर ४ लाख टन गाळप होते. उतारा ११ टक्के असेल तर एका टनातून ११० किलो साखर निघते, १०.५ टक्के असेल तर १०५ किलो. फरक केवळ ५ किलोंचा दिसतो. पण ४ लाख टनांवर तो २०,००० क्विंटल होतो. क्विंटलला ३,७०० रुपये भाव धरला तर ही रक्कम ७ कोटी ४० लाख रुपये होते. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने यातील वाटा शेतकऱ्याकडेही जातो. म्हणजे रांगेत वाळणाऱ्या उसातून दोघांचेही पैसे जात असतात.

न हलणारा खर्च

कारखान्याचे काही खर्च उसाबरोबर वाढतात व घटतात: उसाची किंमत, तोडणी-वाहतूक, चुना, गंधक, पोती. काही खर्च मात्र ऊस येवो न येवो, करावेच लागतात: कायम कामगारांचे पगार, यंत्रांची देखभाल, मुदत कर्जाचे व्याज. यांना स्थिर खर्च म्हणतात. आपल्या कारखान्याचा स्थिर खर्च वर्षाला २० कोटी धरू. ४ लाख टन गाळप झाले तर टनामागे ५०० रुपये पडतात. ऊस निम्माच मिळाला आणि २ लाख टनच गाळप झाले, तर तोच खर्च टनामागे १,००० रुपये होतो. कोणी चोरी केली नाही, कोणी आळस केला नाही, तरी टनामागे ५०० रुपयांचा खड्डा पडला.

कवठे महांकाळसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हे गणित फार जवळचे आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी इकडे आणले, तरी उसाचे क्षेत्र दरवर्षी सारखे राहील याची खात्री देता येत नाही. या तालुक्यातील महांकाली सहकारी साखर कारखान्याने गाळप बंद राहिलेले हंगामही पाहिले आहेत. म्हणून आधीच सांगितले पाहिजे: प्रत्येक तोटा हा गैरव्यवस्थापनाचा पुरावा नसतो. पाऊस संचालक मंडळाच्या ठरावाने पडत नाही. परंतु ऊस कमी पडण्याची शक्यता ठाऊक असताना किती मोठे यंत्र घ्यायचे, किती कर्ज काढायचे आणि चांगल्या वर्षातील किती पैसा वाईट वर्षासाठी राखायचा, हे मात्र ठरावानेच ठरते.

चौदा दिवस आणि बारा महिने

आता पैशाच्या प्रवासाकडे पाहू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला त्याची किंमत मिळायला हवी. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. २००९ पासून या किमतीला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे 'एफआरपी' म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. म्हणजे ऊस चार-पाच महिन्यांत येतो आणि त्याचे पैसे लगेच द्यायचे असतात. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. मधले अंतर भरून काढण्यासाठी गोदामातील साखर बँकेकडे तारण ठेवून कर्ज घ्यावे लागते. हेच कारखान्याचे खेळते भांडवल.

असे सरासरी ६० कोटींचे कर्ज १० टक्के व्याजाने वर्षभर राहिले, तर व्याज ६ कोटी होते. म्हणजे महिन्याला ५० लाख. कारखान्यात ६०० कामगार आहेत आणि सरासरी पगार २५,००० रुपये आहे असे समजू. महिन्याचा पगार झाला दीड कोटी. याचा अर्थ, एवढे कर्ज तीन महिने जादा रेंगाळले की सर्व कामगारांचा एका महिन्याचा पगार व्याजात जातो! साखर केव्हा विकायची, मळीची आणि इथेनॉलची येणी केव्हा वसूल करायची, सुट्या भागांचा किती साठा धरून ठेवायचा, हे कागदी निर्णय वाटतात. पण त्यांचा निकाल त्या बाकावरच्या मुलाच्या घरी लागतो.

याहून घातक चूक म्हणजे खेळत्या भांडवलाचा पैसा इमारतीत किंवा नव्या यंत्रात घालणे. गोदामातली साखर विकली की अल्प मुदतीचे कर्ज फिटते; भिंत विकता येत नाही. बियाण्यासाठी घेतलेले पीककर्ज घराच्या स्लॅबला वापरले तर सुगीनंतर काय होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

याची उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती जायला वर्षे लागली. असा माल बनवणाऱ्याला तीन महिन्यांत परत मागणारा पैसा उपयोगाचा नसतो. काम जितके दीर्घ, तितकाच पैशाला धीर हवा.

एकमेकांना ढकलणारी कारणे

आता हे सगळे दुवे जोडून पाहू. उसाचे बिल थकले की शेतकरी पुढच्या वर्षी ऊस दुसरीकडे घालतो. गाळप घटते, टनामागे स्थिर खर्च वाढतो. पैसा कमी पडतो, मग पगार थांबतो आणि हंगामापूर्वीची देखभाल अर्धवट होते. साखरेचा दाणा केव्हा धरला हे पाकाकडे पाहून ओळखणारा अनुभवी पॅनमन अशा वेळी पहिल्यांदा दुसरीकडे जातो, कारण त्याला काम मिळते. ऐन हंगामात बॉयलर बंद पडतो, ऊस वाळतो, उतारा घसरतो, आणि बिले आणखी थकतात. हे चक्र स्वतःच स्वतःला वेग देते. सुरुवातीला दोन कारखान्यांत थोडाच फरक असतो. दहा वर्षांत एक पगार वेळेवर देतो आणि दुसऱ्याच्या फाटकाला कुलूप लागते.

चक्र उलट दिशेनेही फिरते, हे लक्षात ठेवले पाहिजे. वेळेवर दिलेले बिल ऊस आणते, आणि वेळेवर दिलेला पगार कसब टिकवतो.

तारापूरचा प्रयोग

येथे चिकित्सक विद्यार्थी शंका काढील: चांगल्या पद्धतींमुळे कारखाना भरभराटतो, की भरभराटलेल्या कारखान्यालाच चांगल्या पद्धती परवडतात? ही शंका रास्त आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी प्रयोग हवा, आणि तो महाराष्ट्रातच झाला.

२००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर व गुजरातमधील उंबरगाव येथील १७ कापड कंपन्यांच्या कारखान्यांचा अभ्यास सुरू केला. ३८ पद्धतींची यादी केली: यंत्रांची ठरावीक देखभाल, बंद पडण्याच्या वेळेची नोंद, दोषांची रोजची नोंद व बैठक, सुताच्या साठ्याला चिठ्ठ्या लावणे, कामगारांना कामगिरीनुसार प्रोत्साहन. मग यदृच्छेने कारखान्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांची महिनाभर तपासणी केली. पण एकाच गटाला त्यापुढे चार महिने सल्लागारांनी या पद्धती बसवून दिल्या. दुसरा गट तुलनेसाठी होता. आपण खत घातलेला आणि न घातलेला वाफा शेजारी ठेवतो, तसेच हे.

सुरुवातीला अनेक ठिकाणी जमिनीवर कचरा, विखुरलेली हत्यारे आणि ओळख न पटणारा सुताचा साठा असे चित्र होते. मालकांना मात्र आपला कारखाना इतरांपेक्षा वाईट आहे असे वाटत नव्हते. पद्धती बदलल्यावर कापडातील दोष घटले, साठ्यात अडकलेला माल कमी झाला आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये संशोधक पुन्हा गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटलेल्या आढळल्या. जिथे व्यवस्थापक बदलला किंवा संचालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नाही, तिथे त्या अधिक सुटल्या. तरीही प्रयोगातील कारखाने तुलनेच्या कारखान्यांच्या पुढेच होते.

१७ टक्के हा आकडा साखरेला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण व्यवस्थापन हे नशीब किंवा स्वभाव नसून मोजता येणारे, शिकवता येणारे आणि दुर्लक्ष केल्यास गंजणारे काम आहे, एवढे या प्रयोगाने दाखवले.

वर्गात करून पाहू

एकाच बेटातील दोन ऊस घ्या. एकाची मधली कांडी त्याच दिवशी पिळा. दुसऱ्या उसाचे वजन करून तो चार दिवस उन्हात ठेवा, पुन्हा वजन करा आणि त्याचीही मधलीच कांडी पिळा. (शेंडा आणि बुडखा यांतील साखर सारखी नसते, म्हणून कांडी सारख्याच उंचीची हवी.) प्रत्येक रस दसपट पाणी घालून पातळ करा, त्यात बेनेडिक्टचे द्रावण टाका आणि परीक्षानळी पाच मिनिटे गरम पाण्यात धरा. शिळ्या रसात निळा रंग अधिक प्रमाणात विटकरीकडे झुकतो का, ते पाहा. रंगातला हा फरक म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली साखर.

नंतर वरचे गणित फळ्यावर मांडा, पण विद्यार्थ्यांना त्यांचे स्वतःचे आकडे घालू द्या. सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासदांना मिळतो. गावात तो कोणाच्या ना कोणाच्या घरी असतोच. त्यात चार आकडे शोधायला सांगा: गाळपाचे दिवस, उतारा, व्याजावरचा खर्च आणि कामगारांची देणी. मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडले की चक्र कोणत्या दिशेला फिरते आहे, ते नववीचा विद्यार्थीही सांगू शकेल.

त्या शिक्षकांना आता आम्ही सांगू की होय, हे विज्ञानात बसते. पगार एका दिवशी थांबत नाही. तो आधी रांगेत वाळणाऱ्या उसात अडतो, मग गोदामात, मग व्याजात, आणि सर्वांत शेवटी कामगाराच्या घरी. अहवाल वाचू शकणारे सभासद आणि कामगार गावात असतील, तर तो कुठे अडला आहे हे वेळीच विचारता येईल. ते वाचायला शिकवणे आपल्या हातात आहे. सहलीच्या दिवशी बाकावरची एक जागा रिकामी राहते, तिचा धडा आपण एवढ्यापुरता तरी घेऊ या.