लुआरकाठी उतार शोधू नका, वारा बघा

"नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं, म्हणजे सगळा उतारच मिळतो." फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची सायकल सहल आखणारं कुणी भेटलं की हे वाक्य कानावर पडतंच. सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो की ऐकणाऱ्याला नकाशावरच्या उंच्या तपासाव्याशा वाटत नाहीत. तो नेवेरला उतरतो, पश्चिमेकडे निघतो आणि बरेचसे दिवस समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत काढतो. वर परत आल्यावर "आपला स्टॅमिनाच कमी" म्हणतो. स्टॅमिना कमी नसतो, दिशा चुकलेली असते. वर्षानुवर्षं पैसे साठवून केलेली सहल एका ऐकीव वाक्यापायी अशी दमछाक करणारी ठरावी, याची चीड येते. म्हणून हे नीट मांडतो.

लुआर ही फ्रान्सची सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरच्या थोडी पुढे जाणारी. मों-जेर्बिए-द-जों या डोंगराच्या पायथ्याशी ती उगम पावते. हा उगम सुमारे 1,400 मीटर उंचीवर आहे. आकडा ऐकून उताराची स्वप्नं पडणं साहजिक आहे. पण ही उंची नदी वरच्या अर्ध्या वाटेतच, डोंगरदऱ्यांमधून खर्च करते. सायकलस्वारांचा 'लुआर आ व्हेलो' हा प्रसिद्ध मार्ग सुरू होतो नेवेरजवळच्या क्युफीला, आलिए नदी लुआरला मिळते तिथून. तिथं नदीची उंची उरलेली असते जेमतेम पावणेदोनशे मीटर. पुढे समुद्रापर्यंत नदीला अजून पाचशेहून जास्त किलोमीटर जायचंय. म्हणजे किलोमीटरमागे उतार किती? साधारण एक फूट.

दिवसभरात 60 किलोमीटर सायकल चालवली, तर तुम्ही एका सहामजली इमारतीच्या उंचीइतके खाली येता. तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत पसरून.

आता बेरीज-वजाबाकी करू. तुम्ही, सायकल आणि पॅनियरमधलं सामान मिळून 100 किलो धरा. एवढ्या उतारावर गुरुत्वाकर्षण तुम्हाला पुढे ढकलतं ते तीस-पस्तीस ग्रॅम वजनाच्या जोरानं. दुसऱ्या बाजूला ताशी 15 किलोमीटरचा वारा समोरून येतोय आणि तुम्हीही ताशी 15 नं चालला आहात. अंगावर येणारी हवा झाली ताशी 30 ची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शांत हवेच्या तुलनेत तो चौपट होतो. सरळ बसून चालवणाऱ्या, सामान लादलेल्या सायकलस्वाराला हा जादा भार दीड-दोन किलोच्या ओढीइतका पडतो. एका पारड्यात पस्तीस ग्रॅम, दुसऱ्यात दोन किलो. आणि याला हलका वारा म्हणतात.

शिवाय हा मार्ग बऱ्याच ठिकाणी नदीच्या पूररोधक बांधांवरून जातो. 1846, 1856 आणि 1866 च्या महापुरांनी हे बांध जागोजागी फोडले होते. काही गावांत घरांच्या भिंतींवर त्या वर्षांच्या पाण्याच्या खुणा अजून कोरलेल्या दिसतात. बांधावरून नदीचं दर्शन सुरेख होतं, पण वारा अडवायला मात्र अनेकदा झाडही नसतं.

अटलांटिकवरून येणारे पश्चिमेचे वारे हा त्या प्रदेशाचा जुना स्वभाव. यावर विश्वास बसत नसेल तर लुआरच्या नावाड्यांकडे बघा. रेल्वे येण्याआधी नाँतहून ऑर्लेआँकडे मीठ, साखर असा माल होड्यांतून जायचा, तोही प्रवाहाच्या उलट दिशेनं. त्या सपाट बुडाच्या होड्यांना मोठं चौकोनी शीड असे आणि पश्चिमेचा वारा त्यांना वर ढकलत नेई. परत येताना शीड उतरवून त्या प्रवाहाबरोबर खाली येत. 1843 मध्ये पॅरिस ते ऑर्लेआँ रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत ही वाहतूक बसली. नावाड्यांना दोन्ही दिशांनी फुकटची मदत होती, कारण त्यांच्याखाली वाहतं पाणी होतं. सायकलखाली रस्ता असतो, तो वाहत नाही. आपल्या वाट्याला नावाड्यांची एकच मदत उरते, वाऱ्याची. ती बहुतेकदा समुद्राकडून आत येताना मिळते. नाँतहून पूर्वेला निघा, असा सल्ला जाणकार देतात तो यासाठीच.

बहुतेकदा म्हणालो, नेहमी नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे हवेचा दाब चढला की ईशान्येचा वारा चार-चार दिवस टिकतो. म्हणून निघण्यापूर्वी 'मेतेओ-फ्रान्स'चा अंदाज बघावा आणि शक्य असेल तर कुठल्या टोकापासून सुरू करायचं ते शेवटच्या आठवड्यात ठरवावं.

रोन नदीचं खोरं तर या ऐकीव नियमाची आणखी वेगळी बाजू दाखवतं. जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत 800 किलोमीटरहून लांब असलेला 'व्हिआरोना' मार्ग लोक प्रवाहाच्या दिशेनंच करतात आणि बरोबर करतात. पण त्याचं कारण उतार नाही. तिथं मिस्त्राल हा उत्तरेचा जोरदार वारा खोऱ्यातून दक्षिणेकडे सुटतो. उलट्या दिशेनं गेलात आणि मिस्त्राल उठला, तर सपाटीवरही सगळ्यात हलका गिअर टाकावा लागेल.

आपल्याकडच्या माणसाला हा गैरसमज चटकन पटतो, त्याचं कारणही समजतं. महाबळेश्वरहून पसरणी घाटानं वाईला उतरलात तर सहाशे मीटरहून जास्त खाली येता. नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतून उड्या मारत निघालेली कृष्णा येते. लुआर नेवेरपासून पुढे तशी नाहीच.

दुसरा गैरसमज 'वाहनमुक्त' या शब्दाभोवतीचा आहे आणि तो धोक्याचा आहे. अमुक सायकल मार्ग म्हणजे शेकडो किलोमीटर एकही मोटार नाही, असं लोक धरून चालतात. फ्रान्समध्ये दोन वेगळे प्रकार आहेत. 'व्हेलोरूत' म्हणजे पाट्या लावून दिलेला लांब पल्ल्याचा सायकल मार्ग; त्यात कमी वर्दळीचे गावरस्ते सर्रास येतात. 'व्ह्वा व्हेर्त' ही खरी मोटारींना बंद असलेली वाट. 2004 मध्ये तिला तिथल्या रस्ता-संहितेत वेगळी जागा मिळाली. 'लुआर आ व्हेलो' हा पहिल्या प्रकारातला मार्ग आहे. त्याचा बराच भाग शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांबरोबर आणि गावकऱ्यांच्या गाड्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो. तिथं उजव्या बाजूनं चालवायचं, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गल्लीतून आलेली मोटार थांबेल असं समजू नका. तिथं हक्क तिचा असतो.

मुलांबरोबर किंवा वयस्क आईवडिलांबरोबर खरोखर मोटारींशिवाय चालवायचं असेल, तर लुआरचा हट्ट सोडून मायेन नदीकडे जा. मायेन गावापासून लाव्हालमार्गे दक्षिणेकडे 80 किलोमीटरहून लांब अशी जुनी वाट नदीला चिकटून जाते. एकेकाळी काठावरून घोडे आणि माणसं दोरानं होड्या ओढत, त्यासाठी ती बांधली होती. नदीवर ठरावीक अंतरानं बंधारे आहेत आणि होड्यांना वरखाली करणारी जलद्वारं. दोन बंधाऱ्यांमधलं पाणी जवळजवळ सपाट असतं. सगळा उतार जलद्वारापाशी गोळा झालेला असतो. वाटही तशीच. मैलभर सपाट, मग जलद्वाराच्या घराशेजारी काही पावलांचा छोटा उतार, पुन्हा सपाट. वाट बारीक खडी दाबून केलेली आहे, पावसानंतर ती मऊ पडते. ती एकट्या सायकलस्वारांची नाही. चालणारे, चाकाच्या खुर्चीतले, कुत्रा फिरवणारे सगळे तिच्यावर हक्कानं असतात. घंटी वाजवा, वेग कमी करा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. महागडी रेसिंग सायकल लागते, हे खोटं. अरुंद टायर अशा खडीवर उलट त्रास देतात, 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्या. सायकल भारतातून न्यावी लागत नाही. लुआरकाठच्या मोठ्या शहरांत भाड्यानं मिळते, काही दुकानं दुसऱ्या शहरात परत करू देतात. ताशी 25 किलोमीटरला मदत थांबणाऱ्या बॅटरीच्या सायकली कायद्यानं सायकलीच आहेत, त्या वाहनमुक्त वाटेवर चालतात. हेल्मेटची सक्ती 12 वर्षांखालील मुलांना आहे, 2017 पासून. मोठ्यांनीही घालावं, पण रात्री गावाबाहेर चमकणारं जाकीट मात्र सगळ्यांनाच सक्तीचं.

लुआर उथळ दिसते म्हणून कुणी पोहायला उतरू नका. तळातली वाळू सरकती आहे, आज गुडघाभर पाणी असलेल्या जागी उद्या डोह असतो, आणि तिथं दरवर्षीच्या सूचना उगाच लावलेल्या नसतात.

आणि "युरोपात काय, कुठंही खायला मिळतं" यावर विसंबू नका. खेड्यातली दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, पुष्कळदा सोमवारीही बंद. ब्रेड, केळी, चीज सकाळीच घेऊन पॅनियरमध्ये टाका. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. पिण्यायोग्य नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघून बाटली भरा.